पाचवं बोट

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका गंभीर प्रकरणी तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र. गेले तीन आठवडे माझ्या डाव्या अंगठ्याचा जो अनन्वित छळ चालू आहे, त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. तू चाल उतरवून पाठवलेल्या पानावर स्वरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे आहेत. त्यातला एक म्हणजे अंगठा, हे तुझंच जुनं वचन. आता गिटार धरली की अंगठा राहतो तिच्या मानेमागे आणि तारा असतात पुढे. तो बिचारा मागून वळसा घालून येतो, तार दाबतो, आणि मी वादक न दिसता मारेकरी दिसतो. तुझी भावजय दारातून बघून म्हणाली, की कोंबडीची मान मुरगळायची असेल तर मोरीत जा, इथली फरशी आत्ताच पुसली आहे.

दुकानातून आणलेल्या प्राथमिक पुस्तकात चारच बोटं मोजलेली आहेत, तीही तर्जनीपासून. पण पुस्तक आणि ताई यांच्यात मतभेद झाल्यास ताई प्रमाण, हे आपल्या घरचं जुनं शास्त्र. म्हणून पुस्तक मिटलं आणि अंगठा राबवला. काल मात्र तिसऱ्या ओळीत चक्क पाच आला, पुस्तकात तर हा आकडाच नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेल्यामुळे हात आपोआप लाल पेन्सिलीकडे वळला. पण तुझ्या हस्ताक्षरावर खूण करायची अजून माझी छाती होत नाही.

बाकी प्रगती समाधानकारक. पाच रेघा आणि त्यांच्यामधली चार घरं आता तोंडओळखीची झाली आहेत. भरीव ठिपका एक मात्रा, काठीवरचा पोकळ ठिपका दोन. फक्त त्या दोन मात्रा संपल्यावर पुढचा ठिपका कितव्या रेघेवर बसलाय हे मोजण्यात आणखी चार जातात. शाळा सुटताना मुलांना सभागृहाबाहेर नेणारी, तू पियानोवर वाजवायचीस ती चाल माझ्या हातून वाजली, तर दारापर्यंत पोचेतो मुलं लग्नाची होतील.

तुझ्या डाव्या हाताचं काय म्हणणं आहे? भाऊजी कळवतात, की व्यायाम घेणाऱ्या बाई नेमाने येतात. पण आजारपणापासून तू पियानो उघडलेला नाहीस आणि त्यावर इस्त्रीचे कपडे रचतेस. मी काही म्हणत नाही. कपड्यांना उच्चासन लाभलं, याचा आनंदच आहे.

लोभ असावा, अंगठ्यावर थोडी दयाही असावी.

तुझा,
शास्त्री

दि. १५ फेब्रुवारी

चि. शास्त्रीबुवांस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले, की तुझे भाऊजी हातातलं काम टाकून धावत आले. त्यांना वाटलं, मला पुन्हा काहीतरी झालं.

अरे शहाण्या, ते आकडे गिटारचे नव्हेतच. पियानोवर अंगठा एक आणि करंगळी पाच. गिटारवाले अंगठा मोजत नाहीत. तुझं पुस्तक बरोबर आहे. ताई प्रमाण म्हणे! लहानपणी एकदाही ऐकलं नाहीस आणि ऐकलंस ते नेमकं मी चुकल्यावर.

चूक कशी झाली ते सांगते. तू चालीचा फक्त डाव्या हाताचा भाग मागितलास. जाड बोटांना जाड तारा बऱ्या, असं कारण दिलंस. तो भाग मूळ कागदावर रेघांच्या सुरुवातीला खालच्या सुरांची खूण घालून लिहिलेला आहे. तुला वाचता यावा म्हणून मी तो एक सप्तक चढवून, तुझ्या पुस्तकात असते त्या वरच्या सुरांच्या खुणेत उतरवला. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली बोलते, तेव्हा तुझ्याकडे सूर आपसूक मूळ जागी जाऊन बसतात. मी हे लिहीत होते तेव्हा डावा हात मांडीवर पडून होता, उशीसारखा. आणि उजवा हात त्याची बोटं लिहीत गेला. इथे अंगठा, इथे करंगळी. मूळ कागदावर एकही आकडा नाही. मी ते घातले हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं. मग हसणं थांबलं.

सोबत नवं पान पाठवते, आकडे तुझ्या पुस्तकाप्रमाणे. आता एक विचारते. नुसती खालची बाजू घेऊन तू करणार काय? वरची नसेल तर ती चाल म्हणजे जिना आहे आणि माडीच नाही. खरं कारण कळव.

भावजयीला आशीर्वाद. ती सांगते तर मोरीत बसत जा.

ताई

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंगठा सुटला, तुला दुवा देतोय. नव्या आकड्यांनी पहिल्या दोन ओळी अशा वाजल्या, की घरातल्या कुणीही उठून दार लावलं नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र या घरात मिळत नाही.

खरं कारण विचारलंस. जिना मी होतो, माडी तू हो. चार दिवसांची रजा टाकून गिटारसह येतो. उजव्या हाताचं तू वाजव, डाव्याचं मी. हे आधी सांगितलं असतं तर तू उडवून लावलं असतंस, म्हणून आधी वाचायला शिकलो. आता शिकून बसलोय. ती विद्या फुकट घालवू नकोस.

कशाला एवढे कष्ट, असं म्हणणार असशील तर ऐक. स्वयंपाकघरातल्या लांब बाकावर तू माझ्या उजव्या अंगाला बसायचीस. उजव्या हाताने स्वतःचा अभ्यास चालायचा आणि डाव्या हाताने माझी मूठ धरून तू 'क' गिरवून घ्यायचीस, माझ्याकडे न बघता. पुढे त्या अक्षरांवरच माझं पोट चाललं. त्या हाताचं काम मी चार दिवस केलं तर कुणाचं काय बिघडलं? दमलाय तो. बसू दे त्याला, मी आहे.

कृपादृष्टी असू दे, आणि हो म्हण.

शास्त्री

दि. १ मार्च

चि. शास्त्रीबुवांस,
अ. आ.

अर्धी चाल मागितलीस तेव्हाच मला वास आला होता. फक्त तुझ्याकडून ऐकायचं होतं. नव्या पानावर शेवटची ओळ मी मुद्दाम सोपी केली आहे. एवढा मोठा मुद्रितशोधक, तुझ्या ध्यानातही आलं नाही.

बाई म्हणतात, हाताला टॉवेल पिळता येईल, गुंडी लावता येईल. पियानोचं विचारलं तर त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. मी समजायचं ते समजले.

त्या बाकाचं मला काही आठवत नाही. तुझा 'क' कुबडा यायचा, एवढं आठवतं. पण पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांनाही वाचून दाखवलं. भावाचे आभार मानायचे नसतात म्हणून मानत नाही, नाहीतर आज खूप मानले असते.

ये. इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवले आहेत. कपाटात जागा झाली म्हणून. भलते अर्थ काढू नकोस. झाकण मात्र तू आल्यावर. सूर उतरले असतील तर दोघं मिळून बेसूर होऊ.

वाट बघते.

ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारच्या गाडीने पोचतो. सोबत एक पिशवी, एक गिटार आणि तुझं पान. ते आता न बघताही वाजतं, तरी समोर ठेवतो. तुझं अक्षर दिसलं की चुकायचा धीर होत नाही. कामावरही पाय टेबलाखाली चार मात्रा मोजत असतो. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, की मला संधिवात झाला आहे का. शेवटची ओळ सोपी केलीस हे माझ्या लक्षात आलं होतं. पण स्वतःच्या फायद्याची चूक मुद्रितशोधकाने दाखवायची नसते.

तू हो म्हणालीस, त्या दिवसापासून घरात मी शहाण्यासारखा वागतो, असं तुझी भावजय म्हणते. तिचे तुला नमस्कार.

आता थट्टा पुरे. माझं वाजवताना चुकेल याची मला काळजी नाही. माझ्या चुका तुझ्या जुन्या ओळखीच्या आहेत. काळजी निराळीच आहे. दोन-तीन ओळी नीट जातील, डावीकडून सूर येत राहतील, आणि मग तुझी नजर मांडीवरच्या हाताकडे जाईल. माझं मन राखायला तू चाल पुरी करशील, छान झालं म्हणशील. आणि मी परतीच्या गाडीत बसलो, की झाकण लावून त्यावर पुन्हा कपडे रचशील. ताई, मला भीती वाटते ती एवढीच.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही कर.

तुझा,
शास्त्री