वस्तरे, कापडी पट्टा आणि डावा गाल

मी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय मुद्रितशोधन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. यकृत गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले आहेत. कोणी भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते पतींकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहावं. त्यांच्या पश्चात माझ्या नणंदेला मिळावं. तिने त्यांना सांभाळलं पाहिजे, ही अट वकिलांनी मसुद्यात घातली होती. मी काढली. अटीपोटी केलेलं त्यांना लगेच कळेल.

२. बँकेतली ठेव त्यांच्या औषधपाण्यासाठी. माझ्या एकोणीस डायऱ्या न वाचता जाळाव्यात. नणंद वाचेलच. तिच्याबद्दलची पानं रागाच्या भरात लिहिली आहेत, एवढं तिने ध्यानात घ्यावं. सगळीच रागात लिहिली, असं मात्र म्हणता येणार नाही.

३. पतींचं केशकर्तनालय होतं. चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, पाठोपाठ दुकान गेलं. वस्तरे आणि त्यांना धार लावायचे पट्टे घरी आले. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांची दाढी करते. मशीन त्यांना चालत नाही. "मी काय हिरवळ आहे?" म्हणतात. अख्ख्या दिवसात ते आपणहून मान वर करतात, ती तेवढ्यापुरती. वस्तरे आणि पट्टे नणंदेला द्यावेत. माझ्यानंतर दाढी तिने करावी.

४. पट्टे दोन आहेत. वस्तरा आधी जाड कापडाच्या पट्ट्यावर फिरवावा, मग चामड्याच्या. कापड काळपट होतं, होऊ द्यावं. रोज कोरड्या ब्रशने उभं झाडावं. फारच मळलं तर दाढीच्या साबणाचा घट्ट फेस तळहाताने चोळावा, बोथट सुरीच्या पाठीने निपटून काढावा, ओलसर फडक्याने पुसावं आणि दोन्ही टोकं ताणून सावलीत वाळवावं. पाण्यात बुडवू नये. पिळू तर नयेच.

मागच्या वर्षी मी इस्पितळात असताना नणंदेने कापडाचा पट्टा धुण्याच्या पावडरीत भिजवून पिळला. "वहिनी, काय कळकट होता गं! बघ, कसा लख्ख केलाय." पट्टा आक्रसला होता, त्यावर लाटा उठल्या होत्या. पतींनी उजव्या हाताने चाचपला.

"छान. आता दारात टाक, पाय पुसायला."

ती रडली. मी मध्ये पडू शकले असते. पडले नाही.

सध्याचा पट्टा तंबू शिवणाऱ्याकडून कापड आणून मी केला. तो गुळगुळीत व्हायला पाच महिने लागले.

५. पतींच्या डाव्या गालाला स्पर्श कळत नाही. त्या पाच महिन्यांत वस्तऱ्याला धार टिकत नव्हती. उजवा गाल झाला की पुन्हा पट्ट्यावर न फिरवता मी तसाच डावा उरकायचे. कापलं तर पुसून गप्प बसायचे. पट्टा चांगला झाल्यावरही ही सवय गेली नाही. थकवा होता, हे खरं. पण त्यांना कळत नाही, हे मला सोयीचं होतं, हेही खरं. नणंदेने असं करू नये.

६. वरची पाचही कलमं काल त्यांना वाचून दाखवली.

"कळायचं मला," ते म्हणाले. "आवाजावरून. बोथट वस्तरा खरवडतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे हात थरथरायचे."

आज सकाळी मी पट्टा खिळ्याला अडकवला, तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"राहू दे. आजपासून नको."

"रागावलात?"

"नाही गं. तू आहेस तोवरच बिनदाढीचं राहायची सवय करून घेतो."

मी फेस केलेला होता. तो वाटीत बसून गेला. कलम चार आता खोडावं, असं वकिलांचं मत आहे. मी ते खोडलेलं नाही.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार: खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. आम्ही तिघांनी एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत
दिनांक: नऊ, सोमवार