सोबतीला

प्रिय ठकू,

परवा फोनवर मी तुला नीट उत्तर दिलं नाही. तू म्हणालीस, "आई, आता कशाला जातेस चर्चला? बाबांसाठी जात होतीस, आता सुटलीस." तू मायेनेच बोललीस, हे कळलं मला. माझे गुडघे, तो चढ, रविवारची बसची रखडपट्टी, सगळं तुझ्या डोळ्यांपुढे असणार. मी "बघू" म्हटलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं. उत्तर नव्हतं, म्हणून ठेवला. आता ते सापडलंय, पण मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं पडतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात माझी सगळी वर्षं गेली; पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला नेहमी दुसरं कुणी असायचं.

बाबा गेल्यापासून घर फार आवरलेलं राहतं. जेवणाच्या टेबलावर पाना सापडत नाही, खुर्चीवर खिळ्यांची डबी नसते. इतकी वर्षं मी ज्यासाठी कटकट केली ते सगळं मिळालं, आणि आता बसवत नाही तिथे. असो. ते लिहायला बसले नव्हते.

बाबा चर्चला कसे लागले, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू तेव्हा बाटलीने दूध प्यायचीस. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर नवे होते आणि अडकलेल्या माणसाची एकट्याने केलेली ती पहिलीच सुटका. दोन मजल्यांच्या मध्ये एक म्हाताऱ्या शिक्षिका अडकल्या होत्या. बाबांची रीत तुला माहीत आहेच, फटीतून गप्पा मारत राहायचे, म्हणजे आतला माणूस घाबरत नाही. त्यांनी विचारलं, "बाई, आज जेवायला काय केलं होतंत?" आतून उत्तर आलं, "मी ठीक आहे हो. आवाज तुमचा कापतोय. सावकाश करा." दार उघडलं तर बाई आपल्या पिशवीवर बसून गीत गुणगुणत होत्या. त्यांनी आभार मानले नाहीत. रविवारी चर्चला या, चहा पाजते, म्हणाल्या. बाबा चहाला गेले. पुढे ते सगळ्यांना सांगायचे, "चहा इतका पाणचट होता की पुन्हा तसाच करतात का बघायला दुसऱ्या रविवारी गेलो." त्यानंतर जातच राहिले, आणि दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला.

तुला वाटतं की ते एकदा ठरवून मोकळे झाले. तसं नव्हतं गं. त्यांना पुन्हा पुन्हा ठरवावं लागायचं. साहेबांनी एकदा न तपासलेली लिफ्ट चालू करा म्हटलं, बाबा नाही म्हणाले, आणि त्यांची बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. तिकडे जाताना ते काही संतासारखे गेले नाहीत. रोज सकाळी बूट घालताना कुरकुर. "देवाचं ऐकलं ते ठीक आहे, पण देवाला जरा जवळचा डेपो दिसला नाही का?" मी म्हणायचे, जाऊन सांगा मग साहेबांना, चुकलं म्हणून. लगेच बुटाची नाडी बांधायचे आणि निघायचे.

आणि मी सोबतीला. हा माझाच शब्द. पहिल्या दिवशी पाळकांनी दारात विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी यांच्या सोबतीला आलेय." पुढच्या रविवारीही तेच, आणि मग कुणी विचारेनासं झालं. मी मागच्या बाकावर बसायचे, गीताच्या वेळी उभी राहायचे, पण तोंड उघडत नसे. आमेनसुद्धा म्हटलं नाही कधी. ते बाबांकडे होतं. कामाचा फोन केव्हाही येईल म्हणून त्यांचा जीव टांगणीला, पाळक प्रार्थनेत श्वास घ्यायला थांबले की बाबांना वाटायचं संपली, आणि मोठ्याने "आमेन!" प्रार्थना अजून अर्धी बाकी. पोरं फिदीफिदी हसायची, तूही त्यातच. शेवटी पाळकांनाच तिथे थांबायची सवय लागली. ते थांबायचे, बाबा आमेन म्हणायचे, मग पाळक शांतपणे पुढे जायचे.

दफनानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी गेले. का, ते विचारू नकोस, साडी नेसून झाल्यावर कळलं की निघालेय. प्रार्थना सुरू झाली. पाळक नेहमीच्या जागी थांबले. सगळे थांबले. आणि मागून कुणीतरी म्हटलं, "आमेन." ठकू, तो आवाज माझा होता. पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग मला हसू आलं. तोंडाला पदर लावून हसले, पाळकही हसले, आणि प्रार्थना तशीच हसत पुढे गेली.

नंतर चहाच्या टेबलाशी इंजेक्शनबाईने मला गाठलं. तीच गं, गायकमंडळातली रिटायर्ड नर्स, जिला बघून तू बाकाखाली लपायचीस. "काय, आज कुणाच्या सोबतीला?" मी म्हटलं, "सवय झालीय, दुसरं काय." "कसली सवय? तुझा नवरा निम्म्या रविवारी पहिलं गीत संपायच्या आत पळायचा. तो तिकडे लिफ्टमध्ये, तू इकडे शेवटपर्यंत बाकावर. मग सोबत कुणाला करत होतीस?" मी तोंडात बिस्किट घातलं.

त्या दिवशी बस सोडून चालत घरी आले. इंजेक्शनबाई खरं तेच बोलली होती. बाबा उठून गेल्यावर मला घरी यायला कोण अडवत होतं? कपडे भिजवलेले असायचे, स्वयंपाक पडलेला असायचा. तरी मी बसायचे. दुपारी बाबा दमून यायचे आणि पानावर बसता बसता विचारायचे, "आज काय सांगितलं?" मग मी वाढता वाढता सगळं प्रवचन सांगायचे, कुठे पटलं नाही तेही. ते घास थांबवून म्हणायचे, "मग पुढे?" म्हणजे बघ, त्यांनी ऐकलेली निम्मी प्रवचनं माझ्या हातची होती. आणि मी स्वतःला पाहुणी समजत होते.

मग मी पाळकांना भेटले. ते शिडीवर चढून बल्ब बदलत होते. मी खालूनच सांगितलं, मलाही बाप्तिस्मा घ्यायचाय. ते म्हणाले, "घाई नाही हं, सवडीने ठरवा." मी म्हटलं, "मी तीस वर्षं ठरवतेय. आता तुम्ही खाली उतरा."

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद आहे, त्यात पूर्ण बुडवतात. मला डोक्यावरून पाणी गेलेलं सहन होत नाही, म्हणून मी बादलीत तोंड घालून श्वास रोखायचा सराव करते. शेजारणीने खिडकीतून पाहिलं आणि धावत आली बिचारी. बुडवण्याआधी पाळक सगळ्यांसमोर विचारतात, हे तू स्वतःच्या मनाने करते आहेस का? आणि त्याचं उत्तर मोठ्याने द्यावं लागतं. तुला हे सगळं पटायला हवं असं मुळीच नाही. गाऊ नकोस, डोळे मिटू नकोस. पण आई दुसऱ्यासाठी जगली असं तुझ्या मनात आहे, म्हणून माझं ते उत्तर तू तुझ्या कानांनी ऐकावंस, एवढ्यासाठी हे पत्र. येताना एक मोठा टॉवेल आण. घरातले सगळे तुझ्या बाबांनी ग्रीस पुसून संपवलेत.

तुझीच, सध्या तरी कोरडी,
आई