मागच्या अंगणाची माती

१२ नोव्हेंबर

"मागचं अंगण तू घे. तिथे काही उगवत नाही, म्हणजे भांडणही होणार नाही."

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाई असं म्हणाल्या होत्या. मी नवी होते. मान हलवली. पुढचं अंगण, विहीर आणि सावली मोठ्या दिरांकडे गेली.

आज घेवड्याच्या शेंगा खुडताना ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. घर बांधताना उरलेला सगळा राडारोडा तिथे पुरलेला होता — विटांचे तुकडे, चुना, बाटल्या. सुरुवातीला तर मी नुसत्या काचाच वेचल्या. मग रोजची सालं-देठं, दूधवाल्याकडचं शेण, लोक रस्त्यावर जाळायचे तो पालापाचोळा पोत्यात भरून आणायची. जाऊबाई मला कचरेवाली म्हणायच्या. लाडाने म्हणतात, असं मी धरून चालले.

आता त्या मातीत हात कोपरापर्यंत जातो.

१९ नोव्हेंबर

भोपळा उतरवला. साल बारीक चिरून तीळ घालून कुरकुरीत परतली, बिया ताटात वाळत घातल्या, कोवळी पानं डाळीत टाकली. निम्मा भोपळा जाऊबाईंना नेऊन दिला.

"बिया काढल्यास ना गं? मागच्या वेळी मलाच काढत बसावं लागलं."

२ डिसेंबर

लसणाच्या पाकळ्या टोचत होते. दीर आले, बरोबर गवंडी. माझ्या पाठीमागून टेप ताणली. गवंडी म्हणाला, "बाई, जरा पाय बाजूला घ्या." मी घेतला! तेच मनातून जात नाही — मी पाय बाजूला घेतला.

"काय मोजताय, भाऊजी?"

"का, तो बोलला नाही तुला? पोराचं लग्न ठरतंय. दोन खोल्या काढतोय इथे."

जेवताना नवऱ्याला विचारलं. तो पानाकडे बघत म्हणाला, "महिना झाला मी हो म्हणून. दादाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला?"

"तुला सांगणारच होतो. तुझा स्वभाव माहीत आहे मला. उगाच जीवाला लावून घेतेस."

३ डिसेंबर

भाजीत मीठ घातलं नाही. निमूट जेवला. म्हणजे कळतंय त्याला.

९ डिसेंबर

आज पुन्हा विषय काढला. म्हटलं, दादांशी एकदा बोल. गच्चीवर बांधा म्हणावं, पलीकडे बांधा म्हणावं.

"अगं, भाजी काय बाजारात मिळत नाही?"

इतकी वर्षं माझ्या हातचं जेवला आणि त्याला ती भाजी वाटली. थंडीत मुळ्याचा पाला, उन्हाळ्यात आपोआप उगवणारी घोळ, कशानंतर काय लावायचं, कुठला कोपरा तसाच सोडायचा म्हणजे पाखरं येतील — हे सगळं मी रोज त्याच्या ताटाशी बसून सांगायची. तो "हं" म्हणायचा. मला वाटायचं, ऐकतोय.

आम्हाला मूल नाही. त्यामुळे जागाही कमी लागते. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरलेलं होतं. त्यानेही.

१० डिसेंबर

जाऊबाई येऊन गेल्या. गोड बोलल्या. "तुला काय, चार कुंड्या ठेव जिन्यात. तुझ्या हाताला गुण आहे, कुठेही उगवेल." जाताना कोथिंबीर उपटून नेली. मुळासकट.

१७ डिसेंबर

मी दळणाला गेले होते. परत आले तर अंगणात वास — घशाला झोंबणारा. पाठीवर पंप घेतलेला माणूस फाटकातून बाहेर पडत होता. सगळीकडे तणनाशक मारून झालं होतं. लसणाच्या हिरव्या टोकांवर, घेवड्यावर, खतासाठी रचलेल्या पाल्याच्या ढिगावरसुद्धा.

"भाऊजी, खणायचंच आहे, मग औषध कशाला?"

"रान माजलंय. साप असतात."

साप होता. एकच. बेडकांच्या मागे यायचा. इतक्या वर्षांत तो माझ्या वाटेला गेला नाही, मी त्याच्या नाही. या घरात इतकी समजूत मला दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "हात धुऊन घे, विषारी असतं ते."

हात धुतले. त्याने पाणी ओतलं. चांगला माणूस आहे हो. तोच तर त्रास आहे.

२० डिसेंबर

घेवडा पिवळा. मुळ्याचा पाला काळा. सगळं मान टाकून बसलंय. ठरवलं होतं की निदान वरची माती पोत्यांत भरून कुठेतरी नेऊ. आता तीही नेण्यासारखी राहिली नाही.

बाजारातून पालक आणला. चिखल आणि पाणी, दुसरी चव नाही. नवरा म्हणाला, "छान झालाय."

२४ डिसेंबर

गावाच्या टोकाला नर्सबाई राहतात. निवृत्त, एकट्या. दर आठवड्याला माझ्याकडे पालेभाजी न्यायला येतात. आज रिकामी पिशवी घेऊन अंगणाकडे बघत उभ्या राहिल्या. सांत्वन वगैरे काही केलं नाही.

"रडलीस?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"स्वयंपाक."

"अवघड आहे तुझं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाठीमागे जमीनही आहे. जमीन कसली, खडकच. कुदळ मारली तर ठिणगी उडते. बघ हवं तर."

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या.

२८ डिसेंबर

आज खोदकाम सुरू झालं. खिडकी लावून डाळ शिजवली.

५ जानेवारी

नर्सबाईंना हो म्हणून आले. सोमवारी जाते.

त्याला अजून माहीत नाही. उद्या सकाळी चहा देताना सांगेन, आणि विचारेन — तूही चल. दोन खोल्या आहेत, पुरतील. खडक फोडायला दोघं असलेली बरी.

"दादाला काय सांगू?" म्हणेल. चहा संपवेल. येणार नाही, हे मला आत्ता लिहितानाच ठाऊक आहे.

तरी विचारणार आहे. चल म्हणणार आहे.