जुन्या गावातला पत्रा

१२ नोव्हेंबर २००९, लातूर

सकाळपासून कॉम्प्युटर चालू आहे आणि काम शून्य! इराच्या क्लासने सराव परीक्षेची सीडी दिलीय. ती इन्स्टॉल करायची, तर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकतेय. इरा वैतागून क्लासला निघून गेली. जाताना म्हणाली, हे सगळं त्या अँटीव्हायरसमुळे. तो प्रत्येक फाइलला दारात अडवतो, तपासतो, मगच आत सोडतो.

पोळ्या लाटता लाटता मी बघत होते. बारीक अक्षरांत फाइलींची नावं सरसर जात होती — संपतच नाहीत. एवढ्याशा चकतीत इतकं मावतं? आणि हा एकटा जीव एकेकाची झडती घेतोय. मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

१३ नोव्हेंबर

अँटीव्हायरस बंद करायचा नाही, असं इराला बजावलं. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या वैजनाथने निक्षून सांगितलंय — मैत्रिणींच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात. इरा म्हणाली, "तो तुझ्यासारखाच आहे, आई. सगळं तपासतो."

नीट जेवली नाही मग.

नांदेडची शाळा सोडून, रजा टाकून, मी इथे दोन खोल्यांत बसलेय ते कशासाठी? हे तिकडे नोकरीच्या गावी, किनवटला, हाताने करून खातात. बारावीचं एवढं वर्ष. तेवढं नीट गेलं की झालं.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज जे पाहिलं ते कसं लिहू कळत नाही.

इराने इंटरनेटवरून एक प्रोग्राम उतरवला. पृथ्वी दाखवणारा. मैत्रिणीकडे पाहिला होता म्हणे. अर्धा तास, त्यावर नाही, असं मी म्हटलं. पण पुन्हा तेच — पट्टी हलेना.

तेवढ्यात केवळाबाई आल्या, आमच्या घरमालकीण. खाली एकट्याच राहतात, अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर भावाने, महादेवप्पांनी, त्यांना लातूरला आणलं — एवढंच मला ठाऊक. नेलेलं सूप परत द्यायला आल्या होत्या. एरवी दारातूनच वस्तू देतात आणि वळतात. आज पडद्याकडे बघत थांबल्या. हे काय चाललंय, विचारलं. इराने सांगितलं. "झडती घेतोय व्हय? घिऊ द्या की," म्हणाल्या आणि चक्क बसल्या. मी चहा टाकला.

चहा संपला, पट्टी संपेना. इराने माझ्याकडे पाहिलं. मला काय झालं कोण जाणे, म्हटलं, कर बंद थोडा वेळ. लाल चौकट आली — आता तुम्ही सुरक्षित नाही! आणि पट्टी अशी पळाली की बस.

मग पृथ्वी. काळ्याभोर अंधारात निळी, गोल, आपली आपण फिरणारी. मी शाळेत वर्षानुवर्षं पृथ्वीचा गोल हातात धरून भूगोल शिकवला. पण ही जिवंत वाटली. इराने माउसचं चाक फिरवलं आणि आम्ही खाली पडायलाच लागलो — समुद्र, देश, मांजरेचं पाणी, लातूरचे रस्ते. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

इरा म्हणाली, मावशी, तुमचं गाव बघायचं? मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण केवळाबाईंनी नाव सांगितलं.

औशाच्या पुढे, तेरणा नदीच्या बाजूला. एकीकडे नवं गाव, ओळीत घरं. दुसरीकडे जुनं. छप्पर एकालाही नाही. नुसत्या भिंतींच्या रेघा आणि बाभळी. केवळाबाई उठल्या. काचेला न लावता बोट फिरवत गेल्या — ही वेस, ह्यो आड, हितं चावडी. मग बोट थांबलं. रेघांच्या मधोमध एक पांढरा चौकोन उन्हात चमकत होता.

"हितं गुणाचं माळवद हुतं. पत्रा कुणी घातला?"

आम्हाला काय माहीत. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग इराला विचारलं, वरून बघणाऱ्याला सगळं असंच दिसतं का. इरा हो म्हणाली.

"मग तवाबी दिसलंच असंल त्याला."

जिना उतरून गेल्या. मी अँटीव्हायरस पुन्हा चालू करायला सांगितला.

१६ नोव्हेंबर

केवळाबाई दुपारी आपणहून वर आल्या. तांदूळ निवडू लागल्या आणि निवडता निवडता सांगितलं.

गुणाबाई त्यांची थोरली जाऊ. विसर्जनाची रात्र होती. केवळाबाईंची मुलगी रुद्राणी तेव्हा दुसरीत. नाचून दमली आणि काकूकडेच झोपली — काकूचा लाडका जीव. पहाटे जमीन हलली. केवळाबाईंचं घर पत्र्याचं, ते टिकलं. गुणाबाईंचं माळवद — दगडाच्या भिंती, वर मातीचं जड छत — ते खाली आलं. ढिगाऱ्यातून गुणाबाई जिवंत निघाल्या. पोरगी नाही.

त्या दिवसापासून गुणाचं तोंड पाहिलं नाही, म्हणाल्या. गावाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

तांदूळ निवडून झाले तरी दोघी बोटं फिरवत बसलो होतो.

१९ नोव्हेंबर

रविवारी गावाला संगं चला, केवळाबाई म्हणाल्या. एकटीनं पाय उचलंना.

२० नोव्हेंबर

रविवारी इराची मोठी परीक्षा आहे, क्लासमध्ये. ती म्हणते, मी पण येणार. मी नाही म्हणायला तोंड उघडलं — आणि म्हणाले, डबा तिघींचा करते.

२२ नोव्हेंबर, रविवार

एसटीने फाट्यावर उतरलो, पुढे चालत. वरून रेघा दिसत होत्या ना, त्या कमरेएवढ्या भिंती आहेत. आत गवत. इरा माझा हात धरून चालली, लहानपणी धरायची तसा.

पत्रा होता. चार लाकडांवर टाकलेला. खाली शेणाने सारवून स्वच्छ केलेली जागा, कडेला तुळस, दोन शेळ्या. आणि एक म्हातारी बाई. केवळाबाईंपेक्षा फार मोठी नसावी, पण म्हातारी.

तिने ओळखलं. हातातली घागर खाली ठेवली. मग तांब्या भरून आणला आणि केवळाबाईंच्या पुढे धरून उभी राहिली. केवळाबाई घेईनात.

"तुला नव्या गावात घर मिळालं न्हाई?" केवळाबाईंनी विचारलं.

"मिळालंय की. कुलूप हाय त्याला."

"मग हितं का ऱ्हातीस?"

"माझ्यापाशी झोपली हुती ती. एकटी कशी ठिऊ पोरीला?"

वारा नव्हता. कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. केवळाबाईंनी तांब्या घेतला, सगळा प्यायल्या आणि खाली बसल्या. गुणाबाई शेजारी बसल्या. आम्ही दोघींनी लांब आडाजवळ जाऊन डबा उघडला.

परतीच्या गाडीत इरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. परीक्षेचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही.

२६ नोव्हेंबर

केवळाबाई आज सकाळी गठुडं बांधून निघाल्या. खालच्या घराची किल्ली इराकडे दिली, शांत हाय, आभ्यासाला बस म्हणाल्या. कधी येणार, मी विचारलं.

"आता मी बसते पोरीपाशी. गुणाला म्हणते, जा, घराचं कुलूप काढ. जरा नीज."