पाटीवरची चौथी ओळ

मेढा, जि. सातारा
५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
मानसिंगचा सा. न. वि. वि.

फोनवर तू उदयसिंहाचं नाव काढतेस आणि मी फोन ठेवतो, म्हणून हे पत्र. गावात माजी सैनिकांचा हॉल बांधून झाला. २६ जानेवारीला उद्घाटन. कमानीवर ब्रीद काय लिहायचं, ते काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलंय. नेहमीचं नको म्हणतात. तुझी नात शिवांजली नॉर्वेत शिकते. तिथल्या सरकारात कोणती ब्रीदं चालतात, तिला विचारून कळव.

पोराचं नाव मात्र काढू नकोस. आमच्या दारावरच्या पाटीवर आजोबा शिपाई, आबा नाईक, मी हवालदार. चौथी ओळ त्याच्यासाठी सोडली होती. तो फौजेचं ट्रेनिंग टाकून आला आणि सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवत बसला. तुझ्याकडे राहतो, राहू दे. इथे यायचं नाही.

माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ मानसिंग


सांगली
१६ डिसेंबर २०२४

चि. मानसिंगास,
अंबूबाईचे पोटभर आशीर्वाद.

शिवांजलीनं कळवलंय. तिथल्या राजाचं ब्रीद ‘सगळं नॉर्वेसाठी’ असं हाय. तू ह्येच उचलणार, मला ठावं हाय. पर तिथल्या फौजेचं निराळं हाय बघ : ‘आपल्याजवळ जे आहे आणि आपण जे आहोत, त्या सगळ्यासाठी.’ त्यात देशाचं नावसुदिक न्हाई. ही कसली फौज, म्हून मी इचारलं, तर पोरगी म्हणाली, आज्जी, घरदार, माणसं, समदं त्यात आलं.

मग तुझ्याजवळ काय हाय रं? भाताचं वावर, पेन्शन आन् एक ल्योक. वैनी गेल्यापास्नं एकटाच ताट वाढून घेतोस. ल्योक हितं हळदीच्या व्यापाऱ्यांच्या पाट्या रंगवतोय. अक्षर असं, की माणसं थांबून बघत्यात. दर सणाला मेढ्याच्या एसटीची वेळ इचारतो आन् जात न्हाई. मला बघवत न्हाई.

तुला राग यील, यीऊ दे. थोरली हाय मी.
जीव हायच तुझ्यावर,
अक्का


मेढा
२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर चार दिवस चिडून होतो. राजाचंच ब्रीद घेतलं, नॉर्वेच्या जागी भारत घातला आणि गावातल्या सयाजीकडून रंगवून घेतलं. त्याने अक्षरं एवढी मोठी काढली की शेवटचा शब्द कोपऱ्यात कोंबावा लागला. सगळी कमिटी हसली. त्यातले हंबीरराव म्हणाले, घरात पेंटर असताना हा कुठला धरून आणलात? घरी आलो, कुलूप काढताना पाटीवरची रिकामी ओळ दिसली. तीन वर्षं रोज दिसते. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

कमान पुन्हा पांढरी करून घेतलीय. आता फौजेचं ब्रीद लिहायचं, कमिटीने मान्य केलं. उदयसिंहाला सकाळच्या एसटीने पाठव. ब्रश त्याचे त्याने आणावेत, रंग मी आणलाय. कमानीच्या आधी दारावरची चौथी ओळ भरून घ्यायची आहे. आमच्या पाटीवर नावाआधी हुद्दा लागतो. तिथे ‘पेंटर’ लिहायला सांग.

तुझा लोभ आजवर पुरला, पुढेही पुरव.
मानसिंग