बस ही स्ट्रॅटेजी नव्हे

८ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या माणसामागे काहीतरी लेखी उरलं पाहिजे. मोठी कन्सल्टिंग कंपनी मी जानेवारीत सोडली. कंपनीनेही मला त्याच दिवशी सोडलं, हा निव्वळ योगायोग.

आता स्वतंत्र. पहिलं काम ओहायोतल्या मार्लो काउंटीचं, म्हणजे तिथल्या एका खेडवळ जिल्ह्याचं. मनुष्यबळ, शिक्षण, टेक्नॉलॉजी, तिन्हींचं दहा वर्षांचं धोरण एकटा मी, वेंडेल हॅस्किन्स, ठरवणार. पहिला टप्पा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत. मग दुसरा, दोन वर्षांचा. तो मिळणारच. बायकोला तसं सांगून टाकलंय. जिनेट म्हणाली, नाही मिळाला तर निमूटपणे नोकरी शोधायची, तिच्या एकटीच्या पगारावर हे घर रेटत नाही. ती दंतवैद्याकडे अपॉइंटमेंट देते. तिला पुढच्या मंगळवारापलीकडचं दिसत नाही.

संकल्प: काउंटीत कुणावर चिडायचं नाही. तिथलं काही खायचं नाही.

११ सप्टेंबर

गेलो. दीड तास मका, सोयाबीन आणि हरणांपासून सावध करणाऱ्या पाट्या. काउंटीचं वर्कफोर्स ऑफिस, म्हणजे मनुष्यबळ कचेरी, एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात आहे. अजून रबराचा वास येतो. प्रमुख डोरीन कोवाच. पन्नाशीची बाई, आवाज फुटक्या ताशासारखा. पहिला प्रश्न: गाडीने आलात ना? म्हटलं, मग काय उडत येणार? तर म्हणे, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारावंच लागतं हो.

कॉफी घोटभर घेतली. शी. भांडी विसळलेलं पाणी परवडलं. कॉफी खाण्यात मोडत नाही, त्यामुळे संकल्प शाबूत.

२३ सप्टेंबर

फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जनतेचं ऐकण्याची सभा. ऐकणं मला मनापासून नकोसं वाटतं. म्हणून माझी पद्धत: भिंतींवर मोठाले कागद, प्रत्येकावर एकेक प्राधान्य, माणशी तीन लाल ठिपके. ज्याला जे हवं तिथे त्याने चिकटवावं. कुणी तोंड उघडायचं कारण नाही. 'एआय केंद्र', 'इनोव्हेशन हब', 'डिजिटल प्रमाणपत्रं', सगळे कागद सुंदर. शेवटी एक कोरा कागद, लोकांना आपल्याला विचारलं असं वाटावं म्हणून. त्यावर कधी कुणी काही लिहीत नाही.

इथे कुणीतरी लिहिलं, 'बस'.

झालं. सगळा हॉल तिथे लोटला. कागद गोवर आल्यासारखा दिसायला लागला. 'एआय केंद्रा'वर एक ठिपका, तोही माझा, सुरुवात म्हणून लावलेला. एका म्हातारीने आपले तिन्ही ठिपके 'बस'वर लावले. मी अतिशय सभ्यपणे समजावलं, की आजी, ठिपके वाटून लावायचे असतात, तिन्ही एकाच ठिकाणी लावणं हे अपरिपक्व मतदाराचं लक्षण. तर म्हणाली, अहो, तीन गोष्टी अडल्या असत्या तर तीन ठिकाणी लावले असते. बाकीचे फिदीफिदी हसले.

काउंटीचं कॉलेज एका टोकाला, वस्ती दुसऱ्या टोकाला. डोरीनचं रडगाणं असं, की वेल्डिंगचा वर्ग फुकट आहे, नर्सिंगचा फुकट आहे, पण ज्यांना गाडी परवडत नाही त्यांनी जायचं कसं? मी सांगितलं, बस ही स्ट्रॅटेजी नव्हे, बस हे वाहन आहे. ती बराच वेळ हसत होती. वाक्य आवडलेलं दिसलं.

जेवणाला हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर. ती थरथरत होती. ताटली तशीच परत केली.

२७ सप्टेंबर

ठिपक्यांचं विश्लेषण पूर्ण. लोकांना जे म्हणायचं असतं ते त्यांना म्हणता येत नाही, ते आपण म्हणायचं असतं. बस म्हणजे दळणवळण. दळणवळण म्हणजे कनेक्टिव्हिटी. कनेक्टिव्हिटी म्हणजे एआय केंद्र. सगळे ठिपके तिकडे वळते केले. 'एआय केंद्र' प्रचंड बहुमताने पहिलं.

जेवताना जिनेटला बसचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, आपल्या वस्तीत बस येणार होती तेव्हा सह्या गोळा करत कोण हिंडलं होतं? मीच. ते माझं सर्वांत यशस्वी प्रोजेक्ट. बस आली की थांबा येतो, थांबा आला की बाक येतो, बाकावर नाही नाही ते लोक येऊन बसतात. एका महिन्यात हाणून पाडलं. जिनेट म्हणाली, तिने सही केली नव्हती. हे मला आजच कळतंय.

१४ ऑक्टोबर

काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तीन निवडून आलेल्या कमिशनरांचा अध्यक्ष मर्ल ट्रुइट. ऐंशीच्या घरातला, डोक्यावर ट्रॅक्टर कंपनीची टोपी, ती घरातही काढत नसावा. मसुदा दाखवला. एआय केंद्रात करायचं काय, असं त्याने विचारलं. मी सविस्तर सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. गाढवापुढे वाचली गीता. मग, ते बांधायचं कुठे? कॉलेजात. तिथे लोक जाणार कसे? आख्ख्या काउंटीची सुई एकाच जागी अडकलीय. निघताना पाठीवर थाप मारून म्हणाला, अरे बाबा, बोलतोस झकास, पण नातीच्या लग्नातला तो गाणी लावणाराही झकासच बोलत होता, आणि केक कापायच्या वेळी त्याचंच मशीन बंद पडलं.

डोनट पुढे केला. शिष्टाचार म्हणून घेतला. दुसराही शिष्टाचार म्हणूनच.

दुसरा टप्पा पक्का समजायला हरकत नाही. पाठीवर थाप कुणी उगाच मारत नाही.

२० नोव्हेंबर

आज कमिशनरांपुढे अंतिम सादरीकरण. जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण उद्या कुणी भलतंच सांगेल.

काउंटीची हद्द ओलांडली आणि हरीण गाडीवर येऊन आदळलं. माझी चूक शून्य. गाडीचं तोंड आत गेलं, एअरबॅगचे फुगे फुटले, मी पांढऱ्या भुकटीने माखलो. शेरीफचा माणूस, म्हणजे तिथला पोलीस, आला. लागलं का, हे त्याने दुसरं विचारलं. पहिलं विचारलं, हरीण नेणार का? ज्याची गाडी त्याचा मटणावर पहिला हक्क, तो चिठ्ठी देतो म्हणे. इतका रानटीपणा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. नको म्हटलं, तर त्याचा चेहरा खुलला. लगेच डोरीनला फोन, तिचा फ्रीझर रिकामा आहे म्हणून.

मी इकडे फोनवर टॅक्सी शोधतोय. फोनवरचं चक्र फिरतंय फिरतंय, आणि जवळपास कुणी नाही म्हणतंय. सादरीकरणाची वेळ टळत चाललेली. शेवटी मी त्या माणसाला विचारलं, निव्वळ माहितीसाठी, की इथून बस नाही का जात?

हे ऐकायला डोरीन मागे उभी होती. पिकअप घेऊन कधी आली कळलंच नाही. तिने पिकअपचं दार उघडून धरलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तिच्या शेजारी बसून गेलो. मागे हरीण. वळणावर त्याचे पाय पत्र्यावर आपटत होते. उशिरा पोचलो. भिंतीवर डोरीनने माझेच ते कागद लावून ठेवलेले, ठिपक्यांसकट. ते तिने जपून ठेवले असतील असं कुणाला वाटेल? मी कनेक्टिव्हिटी समजावून सांगितली. मर्लने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, बाबा रे, तू आज आलास कसा? हॉल हसला. माझ्या मते ते हसू आपुलकीचं होतं.

दुसऱ्या टप्प्याचा विचार करू, म्हणाले. माझ्या अनुभवात याचा अर्थ हो.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी

डोरीन शहरात मीटिंगला आली होती, जाताना घरी डोकावली. दुसऱ्या टप्प्याच्या पैशातून काउंटी दोन छोट्या बस घेतेय. जानेवारीपासून कॉलेजपर्यंत. तुमची ठिपक्यांची पद्धत लाखात एक, म्हणाली, एरवी आम्ही वर्षभर भांडत बसलो असतो. म्हणजे माझ्याच कामामुळे मला काम नाही. कृतघ्नपणाला काही सीमा असते. त्या काउंटीची मला शिसारी आलीय, तिच्या मक्यासकट.

हरणाच्या सॉसेजचं पुडकं ठेवून गेली. खाल्लं. तिथलं काही खायचं नाही हा संकल्प आहे, पण हरीण माझ्याच गाडीने मेलं, म्हणजे ते माझंच. चवीला वाईट नव्हतं, याचाही राग आला.

३ डिसेंबर

गाडी भंगारात. हरणाच्या धडकेचं नुकसान भरून देणारा विमा मी मार्चमध्ये काटकसर म्हणून बंद केला होता. जिनेटने अटीची आठवण करून दिली. आवाज न चढवता, म्हणजे प्रकरण गंभीर. शहरातल्या रोजगार केंद्रात तिने माझं नाव घातलंय. सर्वांत जवळचा बस थांबा हायवेपलीकडे, आणि तिथवर फूटपाथ नाही. आज निम्म्या वाटेवरून परत आलो, बुटात बर्फाचं पाणी. आमच्या कोपऱ्यावर जिथे थांबा होणार होता तिथे आता फुलझाडांचा वाफा आहे. त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

१० डिसेंबर

कामावर जाताना जिनेटने मला रोजगार केंद्रात सोडलं. मी फक्त निरीक्षणासाठी गेलो होतो. कॉफी इथलीही तसलीच. सत्र घ्यायला पंचविशीची एक मुलगी, माझ्या जुन्या कंपनीची. भिंतींवर कागद. माणशी तीन लाल ठिपके. नोकरी मिळण्यात तुमची मुख्य अडचण कोणती? 'आत्मविश्वास', 'डिजिटल कौशल्यं', 'मुलाखतीची तयारी'. माझ्या पद्धतीची भिकार नक्कल. शेवटी एक कोरा कागद.

बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. कुणी पाहत नव्हतं. मार्कर घेतला आणि लिहिलं, 'बस'. तिन्ही ठिपके तिथेच लावले.

ती मुलगी आली आणि फार गोड आवाजात म्हणाली, की सर, ठिपके वाटून लावायचे असतात.

जिनेट न्यायला येईपर्यंत बाहेर बसायला बाकसुद्धा नव्हता.