जावयाची पहिली आंघोळ

५ ऑक्टोबर, रविवार
बाथरूममधला गीझर गळतोय. पाणी कोमट, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. वीस तारखेला नरक चतुर्दशी. रूपालीच्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, जावई देवानंदराव येणार. त्यांचं अभ्यंगस्नान आपल्याच घरी, आपल्याच गीझरच्या कढत पाण्यानं. नवा घ्यायचा आणि मीच बसवायचा. पंचायत समितीत सत्तावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या फायली हाताळल्यात. गीझर काय चीज आहे!

७ ऑक्टोबर
गीझर जालन्याहून आणला. मंठ्यातही मिळतो, पण इथं सगळे ओळखीचे, म्हणजे फसवणार. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, याचं हाफ तिकीट काढा. मी हसलो नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी १०
जुना काढला. सोबत दोन टाइल्सही आल्या. भिंत कच्ची होती, आजच कळलं ते बरं झालं. समोरचे सर्जेराव डोकावले. म्हणे, आपला प्लंबर पाठवतो, जल्दी करून देईन. त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

दुपारी २
नव्या गीझरची भोकं जुन्या बोल्टांना जुळत नाहीत. कंपनीची चूक. ड्रिल घेतलं.

दुपारी २.१०
भिंतीत पाइप असतात.

संध्याकाळी
दोन पाइप फुटले. गच्चीवरची टाकी रिकामी. नळाला पाणी आता शुक्रवारी. वंदना म्हणाली, आता तरी माणूस बोलवा, जावयाला कोरडीच आंघोळ घालता का? बायकोचा विश्वास नसला की कामाला वेळ लागतो.

१५ ऑक्टोबर
फुटलेल्या पाइपांची चार टोकं होती. चारही जोडली. एकही शिल्लक नाही, म्हणजे जोडणी बराबर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
नळ आला. टाकी भरली. थेंबभर गळती नाही! गीझरचा लाल दिवाही लागला. अंगात दहा हत्तींचं बळ. वंदना म्हणाली, एकदा गरम पाणी सोडून तर पाहा. मी गीझर बंद केला. जावयाच्या आधी नव्या गीझरचं पाणी कुणी अंगावर घ्यायचं नाही, असं शास्त्र आहे. कोणतं, ते नंतर शोधू.

२० ऑक्टोबर, पहाटे ५.२०
गीझर तासभर चालू. देवानंदराव पाटावर, अंगभर तेल-उटणं. वंदनानं ओवाळलं. मी नळ सोडला. थंड. अजून सोडला. अजून थंड. लाल दिवा चालूच! देवानंदराव म्हणाले, मामा, राहू द्या, मी घेतो याच्यानंच नाहून. दात वाजत होते बिचाऱ्यांचे. तेवढ्यात शेजारच्या संडासातून रूपाली ओरडली, पप्पा, फ्लशमधून वाफा येऊन राह्यल्या!

सकाळी ७
सर्जेरावांच्या अंगणात बंब पेटलेला होता. देवानंदराव उटण्यासकट टॉवेल गुंडाळून गल्ली ओलांडून गेले. त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, दोन बादल्या कढत पाणी काढून दिलं. नाहून आल्यावर देवानंदरावांनी समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या पाया पडायचं म्हणून सर्जेरावांना वाकून नमस्कार केला. पहिल्या दिवाळीचा पहिला नमस्कार. मी तेव्हा पान्हा शोधत होतो.

सकाळी ८
मी मात्र थंड पाण्यानंच नाहून घेतलं. फार वाईट वाटलं. वंदनानं फराळाचं ताट पुढं ठेवलं आणि दुसरं ताट झाकून सर्जेरावांकडं घेऊन गेली. त्या ताटात चकल्या जास्त होत्या.